स्क्रीनवरची लाल अक्षरं

काकूंनी त्या दिवशी ठरवूनच टाकलं होतं, की आज काहीही झालं तरी माइकला हात लावायचा नाही.

वाचनालयात त्यांना सगळेच काकू म्हणत. बालविभागात पुस्तकं बदलायला येणारी मुलं म्हणत, मुलांना सोडायला येणाऱ्या आया म्हणत, आणि वयानं जेमतेम थोड्याच लहान असलेल्या ग्रंथपाल मॅडमही म्हणत. बालविभाग म्हणजे मागच्या अंगाची लांबट खोली, बुटक्या खुर्च्या, गुडघ्याएवढी टेबलं आणि फाटलेल्या पानांना चिकटपट्ट्या लावून लावून जाड झालेली पुस्तकं. कुठलं पुस्तक कुठे आहे हे काकूंना डोळे मिटून सांगता यायचं. पण आता नुसतं सांगून भागणार नव्हतं. सगळं संगणकात जायचं होतं.

लहानमोठ्या सार्वजनिक वाचनालयांसाठी एका संस्थेनं हे सॉफ्टवेअर फुकट दिलं होतं, आणि ते शिकवण्याचा वर्गही फुकटच होता. आठवड्यातून दोनदा, दुपारी, ऑनलाइन. ठिकठिकाणच्या वाचनालयांतली माणसं एकाच वेळी हजर. कुणी देवघेव बघणारं, कुणी वर्तमानपत्रांचा विभाग सांभाळणारं, कुणी एकटंच सगळं वाचनालय चालवणारं.

"फुकट आहे म्हणून इतकं बोलून घेतात," असं काकू घरी नवऱ्याला म्हणाल्या होत्या. "पैसे भरले असते तर मानानं बोलले असते."

त्याला कारण होतं. मागच्या वर्गात काकूंना एक गोष्ट कळली नव्हती. एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असल्या तर नोंद एकदा करायची की तीनदा? त्यांनी विचारलं. सरांनी सांगितलं. काकूंच्या डोक्यावरून गेलं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारल्यावर सर थांबले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या एकट्यांसाठी सगळा वर्ग थांबवता येत नाही. समजत नसेल तर रेकॉर्डिंग बघा. आणि माइक बंद ठेवा."

एवढ्या लोकांसमोर. कुणाचाही चेहरा दिसत नव्हता, सगळ्यांचे कॅमेरे बंद होते, पण त्या काळ्या चौकोनांतून सगळे आपल्याकडेच बघताहेत असं काकूंना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मला ते शिक्षण नको, मॅडम. माझ्यानं होणार नाही."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "काकू, ज्यांना प्रमाणपत्र मिळणार नाही त्यांना वाचकांसमोर बसवू नका, असं वरून आलंय. मग मला तुम्हाला खालच्या गोदामात टाकावं लागेल, बांधणीच्या गठ्ठ्यांत. तुम्हाला चालेल?"

काकू बालविभागात परतल्या. खालच्या गोदामात एकच खिडकी होती आणि तीही भिंतीकडे उघडायची.

तर त्या दुपारी काकू बालविभागात एकट्याच, बुटक्या खुर्चीवर गुडघे दुमडून, वाचनालयाचा लॅपटॉप समोर ठेवून बसल्या होत्या. मुलं शाळेत होती. बाहेर वाचनकक्षातल्या पंख्याचा कटकट आवाज येत होता. सरांनी स्वतःची स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी लावली होती आणि वरच्या कोपऱ्यात एका लहानशा चौकोनात सर दिसत होते. पन्नाशी ओलांडलेले, बारीक कापलेले केस, कानांवर मोठा काळा हेडफोन. मागे पुस्तकांचं कपाट आणि एक अर्धवट लोटलेलं दार.

आजचा विषय होता, फाटलेली आणि हरवलेली पुस्तकं बाद कशी करायची. सरांची शिकवण्याची एक पद्धत होती. ते मध्येच थांबत आणि म्हणत, "आता कुठे क्लिक कराल? खूण करा." मग वर्गातल्या कुणीही आपल्या जागेवरून त्यांच्या स्क्रीनवर लाल पेननं खूण करायची. एकदम पाचपंचवीस लाल गोल उमटायचे, निम्मे भलतीकडेच. सर ते पुसून टाकत आणि पुढे जात.

"पुस्तक बाद करायच्या आधी काय बघायचं?" सर म्हणाले. "ते कुणाच्या नावावर... कुणाच्या नावावर..."

थांबले. मग म्हणाले, "कुणाच्या छत्रीवर आहे ते."

गप्पांच्या रकान्यात लगेच हसरे चेहरे उमटले. वर्गात एक गृहस्थ होते, त्यांच्या चौकोनात फोटोऐवजी नुसत्या झुपकेदार मिशीचं चित्र होतं, त्यामुळे सगळे त्यांना मिशीच म्हणत. मिशींना गप्प बसवत नसे. त्यांनी लिहिलं, 'सर, आमच्याकडे छत्र्यांवर पुस्तकं देत नाहीत, ओळखपत्र लागतं.' पुन्हा हसरे चेहरे.

काकूही हसल्या. मनात म्हणाल्या, बघा, चुका काय आम्हीच करतो होय.

सर पुढे बोलत होते. "तर इथे जाऊन आपण हे, हे दार... दार उचलायचं आणि..." त्यांचा बाण स्क्रीनवर फिरत होता. बटणापाशी गेला, ओलांडून पुढे गेला, परत आला, मग गोल गोल फिरायला लागला. आवाज जाड येत होता, तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा.

'सरांचं नेट गेलं वाटतं,' कुणीतरी लिहिलं. 'आवाज फाटतोय.'

काकूंचं हसू मावळलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कोपऱ्यातल्या त्या लहानशा चौकोनाकडे निरखून पाहिलं. मग त्यावर क्लिक करून तो मोठा केला. सरांच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळल्यासारखी दिसत होती. एक डोळा नीट उघडा, दुसरा अर्धा.

हे तोंड त्यांनी पाहिलं होतं. त्यांचे थोरले दीर असेच एकदा जेवता जेवता 'मीठ वाढ' म्हणायच्या ऐवजी भलतंच काहीतरी बोलले होते, आणि पंगतीतले सगळे हसले होते. स्वतः दीरही एका बाजूनं हसल्यासारखे दिसले होते. दमलेत, झोपू द्या, म्हणून सगळ्यांनी त्यांना आत नेऊन निजवलं. ते पुन्हा धड उठलेच नाहीत.

माइकचं बटण स्क्रीनच्या खाली होतं, लाल रेघ मारलेलं. काकूंचं बोट त्याच्यावर येऊन थांबलं. आणि आपलं चुकत असेल तर? नुसतं नेट खराब असेल तर? सगळ्यांदेखत पुन्हा एकदा?

तेवढ्यात सरांचा उजवा हात टेबलावरून घसरला आणि खाली लोंबकळला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा तरी हात असावा तसं.

काकूंनी बटण दाबलं.

"सर! सर, काय होतंय तुम्हाला? ऐकू येतंय ना?"

सरांनी मान वर केली. कुणीतरी लांबून हाक मारल्यासारखे इकडेतिकडे बघायला लागले. "हं... ते... पु... पु..." म्हणाले, आणि खुर्चीच्या पाठीवर त्याच बाजूला कलंडले. डोळे उघडे होते, पण बोलणं बंद झालं.

"अहो, कुणीतरी ऐका!" काकू जवळजवळ ओरडल्याच. "हे नेट-बिट काही नाही. सरांना झटका आलाय. अर्धांगाचा. कुणाला ठाऊक आहे का सर कुठे राहतात?"

मग एकदम पाचसहा माइक उघडले आणि सगळे एकाच वेळी बोलायला लागले. कुणाला पत्ता माहीत नव्हता. गाव कुठलं तेही ठाऊक नव्हतं. ते घरून शिकवतात एवढंच सगळ्यांना माहीत. कुणीतरी संस्थेच्या कचेरीत फोन लावला. नुसती रिंग वाजत होती. कुणी म्हणालं, आज तिथे सुट्टी असेल. कुणी म्हणालं, सरांच्या मोबाइलवर करा. तो त्यांच्या टेबलावरच होता. वाजला, थरथरत कडेपर्यंत सरकला, आणि सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

काकूंच्या ओरडण्यानं मॅडम धावत आल्या. दारातूनच त्यांनी स्क्रीन पाहिली आणि काही न विचारता आपल्या मोबाइलवरून रुग्णवाहिकेचा नंबर लावला.

"पत्ता?" पलीकडून विचारलं.

"पत्ता माहीत नाही. ते आमच्या गावात नाहीत."

"मग तुम्ही इथे कशाला फोन करताय, बाई?"

मॅडमनी दात ओठ खाल्ले, पण फोन ठेवला नाही. "मी पत्ता काढते. तुम्ही लाइन सोडू नका. तुम्हाला पुढे जोडून द्यावं लागेल."

आणि तेवढ्यात सरांच्या मागचं ते अर्धवट लोटलेलं दार उघडलं.

एक म्हातारी बाई आत आली. पांढरे केस, बारकी अंगकाठी, हातात वाफाळता कप. चालण्यात घाई नव्हती. तिनं कप सरांच्या डाव्या हाताशी ठेवला.

"आजी! आजी, इकडे बघा!" काकू ओरडल्या. पाठोपाठ मिशी ओरडले. सगळा वर्ग ओरडायला लागला. "आजी! ओ आजी!"

आजींनी वरसुद्धा पाहिलं नाही. मुलाच्या कानांवर हेडफोन होता. जगभराचा आरडाओरडा त्या दोन काळ्या वाट्यांत कोंडून राहिला होता. मुलगा कामात आहे, बोलायचं नाही, एवढंच आजींना ठाऊक असावं. त्यांनी त्याच्या पाठीवरून ओझरता हात फिरवला, आल्या तशा वळल्या आणि निघून गेल्या. दार पुन्हा अर्धवट लोटलं गेलं.

मदत दोन हातांवर येऊन परत गेली होती.

"हेडफोन आहे," मिशी म्हणाले. आता त्यांच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. "त्यांना काही ऐकू जाणार नाही. कितीही बोंबला."

"ऐकू जाणार नाही," काकू स्वतःशीच म्हणाल्या. "पण दिसेल."

त्यांनी लाल पेन उचललं. सरांची स्क्रीन अजून सगळ्यांना दिसतच होती, म्हणजे आपण खूण केली की ती सरांच्या टेबलावरच्या संगणकावर उमटणार. त्यांनी 'आ' काढायला घेतला. पण हीच कल्पना आणखी कितीतरी जणांना सुचली होती. बघता बघता बाद पुस्तकांच्या यादीवर 'मदत', 'आजी', 'डॉक्टर', 'फोन उचला' असं सगळं एकमेकांवर चढलं आणि नुसता लाल गुंता झाला. त्यातून कुणाला काही वाचता आलं असतं तर शपथ.

"थांबा!" काकू म्हणाल्या. आणि हा आवाज आपलाच का, असं त्यांनाही वाटलं. पोरांच्या गलक्यात त्या लावत तसा, खणखणीत. "सगळ्यांनी हात थांबवा. आपापलं लिहिलेलं पुसा. एकटी मीच लिहिणार. बाकी कुणी पेनला हात लावायचा नाही."

वर्गानं ऐकलं. एकेक रेघ नाहीशी होत गेली आणि स्क्रीन पुन्हा स्वच्छ झाली.

माउसनं अक्षर काढणं म्हणजे कोपरानं वेणी घालण्यासारखं. पण मोठ्ठं, जाड अक्षर काढायचा त्यांचा हात बसलेला होता. बालविभागातल्या भिंतीवरच्या सगळ्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या. स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी लिहिलं: आजी. त्याखाली: कानावरचं काढा.

आणि वाट बघत बसल्या.

सरांचा श्वास ऐकू येत होता. घरघर लागल्यासारखा, जड. काकू त्यांच्याशी बोलत राहिल्या. हेडफोन त्यांच्याच कानांवर होता, म्हणजे निदान त्यांना तरी ऐकू जात असेल. "सर, घाबरू नका. आम्ही सगळे इथेच आहोत. कुणी कुठे गेलेलं नाही. आजी येतीलच आता." सरांचा चांगला डोळा कॅमेऱ्याकडे लागला होता. त्यातून पाणी वाहत होतं.

"आजी आल्याच नाहीत तर?" मॅडम मागून हळूच म्हणाल्या.

"कप न्यायला येतील," काकू म्हणाल्या. "येतातच. माझी आई यायची."

दार उघडलं. आजी आत आल्या, कप तसाच भरलेला पाहून थबकल्या, आणि पहिल्यांदाच मुलाच्या तोंडाकडे वाकून पाहिलं. काहीतरी म्हणाल्या, ते कळलं नाही. मग घाबरून त्यांनी कप उचलला आणि त्याच्या ओठांना लावायला गेल्या.

"नको! पाजू नका!" काकू ओरडल्या. "घशात अडकेल त्यांच्या! अहो, स्क्रीनकडे बघा ना!"

आजींची पाठ कॅमेऱ्याकडे होती. चहा सरांच्या हनुवटीवरून ओघळला. सर ठसकले.

काकूंना जे सुचलं ते त्यांनी बोलून टाकलं. "सगळ्यांनी पेन घ्या! सगळ्यात जाड पेन! सगळी स्क्रीन लाल करा. लाल करा, पुसा, पुन्हा लाल करा. थांबू नका!"

कुणी का म्हणून विचारलं नाही. कुठकुठल्या वाचनालयांतली माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली, आपापल्या टेबलांवर वाकून वेड्यासारखी रेघा मारायला लागली. आडव्या, उभ्या, गिचमिड. स्क्रीन लालबुंद झाली, पांढरी झाली, पुन्हा लाल. त्या चौकोनात काकूंना दिसलं, की सरांच्या गालावर, मागच्या कपाटाच्या काचेवर तो लाल उजेड चढतोय आणि उतरतोय.

आजींचा हात हवेतच थांबला. त्यांनी काचेकडे पाहिलं. मग सावकाश वळून संगणकाकडे.

"पुसा! सगळं पुसा! हात वर!"

स्क्रीन कोरी झाली. काकूंचं पहिलं लिहिलेलंही त्या गडबडीत गेलं होतं. त्यांनी पुन्हा काढायला घेतलं, आणि आजी वाकून बघत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर अक्षरं एकेक करून उमटत गेली. आ. जी. का. ना. व. र. चं.

'काढा' पुरं व्हायच्या आधीच आजींनी मुलाच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून काढला. हातात धरून इकडूनतिकडून बघितला. आतून बारीक बारीक आवाज येत होते. त्यांनी एक वाटी कानाला लावली.

"कोण आहे?"

"आजी, मी वाचनालयातली बाई बोलतेय. तुमचे चिरंजीव आम्हाला शिकवतात. त्यांना झटका आलाय. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नको. घरात आणखी कुणी आहे का?"

"कुणी नाही गं बाई. आम्ही दोघंच."

"शेजारी?"

"समोरचे गावाला गेलेत. खाली शिंपी आहे."

"त्याला हाक मारा. पण त्याआधी मला पत्ता सांगा. सावकाश, अगदी सावकाश."

आजींचा आवाज कापत होता, पण पत्ता त्यांनी शाळेत धडा म्हणावा तसा घडाघडा सांगितला. गाव, रस्ता, पाण्याच्या टाकीमागची गुलाबी इमारत, दुसरा मजला. काकू ऐकून मोठ्यानं बोलत गेल्या आणि मॅडम फोनवर तेच पलीकडे सांगत गेल्या. त्याच वेळी मिशींनी आपल्या फोनवरून त्या गावातल्या रुग्णालयाला गाठलं होतं. "झटका, हो, झटका. आत्ताच. अर्धा तास पण झाला नाही. तयारीत राहा म्हणावं डॉक्टरांना," असं ते ओरडून सांगत होते.

आजी हेडफोन टेबलावर ठेवून गेल्या. गॅलरीत उभं राहून त्या हाका मारत असाव्यात, लांबून क्षीण आवाज येत होता. इकडे खोलीत सर एकटेच. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते खुर्चीवरून हळूहळू खाली सरकायला लागले. आधी खांदा गेला, मग हनुवटी, मग नुसते केस दिसायला लागले. काकूंनी नकळत दोन्ही हात स्क्रीनकडे पुढे केले, जणू त्यांना धरता येणार होतं.

मग केसही दिसेनासे झाले आणि खाली काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

वर्गात कुणीतरी हुंदका दिला.

नंतर पावलं वाजली. गळ्यात मापाची पट्टी लटकवलेला एक धिप्पाड माणूस आत धावत आला, मागोमाग आजी. त्यानं टेबल एका हातानं बाजूला लोटलं. आजींनी हेडफोनकडे बोट दाखवलं, तसा तो त्यानं कानाला लावला.

"बोला लवकर. काय करू?"

"कुशीवर झोपवा. मान सरळ ठेवा. शर्टाची वरची बटणं काढा. खाली रस्त्यावर कुणाला तरी उभं करा, गाडी येतेय."

"येतेय ना नक्की?"

काकूंनी मागे पाहिलं. मॅडमनी फोन कानाशी धरूनच जोरात मान हलवली.

"निघालीये," काकू म्हणाल्या.

गाडी आली तेव्हा पहिल्यांदा शिंप्यालाच तिचा भोंगा ऐकू आला. मग तो काकूंनाही आला. गणवेशातली दोन माणसं, स्ट्रेचर, घाईची बोलणी, आजींच्या पायांत कुणीतरी सरकवलेल्या चपला. आणि मग खोली रिकामी झाली.

वर्ग मात्र तसाच चालू राहिला. तो बंद करणारा माणूस रुग्णवाहिकेत होता. स्क्रीनवर बाद पुस्तकांची यादी, तिच्यावर काकूंची लाल अक्षरं, आणि कोपऱ्यात सरांची रिकामी खुर्ची. खरं तर आता कुणीही निघून जाऊ शकत होतं. पण कुणी गेलं नाही. एकेक करून काळ्या चौकोनांतले कॅमेरे उघडले. एक तरुण मुलगी, तिच्या मागे वर्तमानपत्रांचे गठ्ठे. एक टक्कल पडलेले गृहस्थ. आणि जिथे मिशी होती तिथे एक सडपातळ, तुळतुळीत दाढी केलेला माणूस डोळे पुसत बसलेला.

"मिशी कुठे गेली?" काकूंनी विचारलं.

"कधीच नव्हती, काकू," तो म्हणाला. काकूंनी त्याला काकू म्हणायला सांगितलं नव्हतं. मागून मॅडमनी हाक मारलेली ऐकली असावी.

संध्याकाळी सरांच्या लॅपटॉपची बॅटरी संपली आणि चौकोन विझला, तोवर सगळे बसून होते.

सर वाचले. डॉक्टरांनी शिंप्याला सांगितलं आणि शिंप्यानं मिशींना फोनवर कळवलं, की वेळेत आणलं म्हणून मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवता आली. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. काकूंचा जीव भांड्यात पडला. पण सगळं पूर्वीसारखं झालं नाही. उजवा हात उचलेना. शब्द हरवले. वस्तू समोर दिसायची, काय आहे ते कळायचं, पण तिचं नाव ओठांवर येईना, आलंच तर दुसऱ्याच कशाचं तरी यायचं.

वर्ग संस्थेतल्या एका तरुण बाईंनी पुरा केला. काकूंना प्रमाणपत्र मिळालं, गोदाम टळलं. तीन प्रतींची नोंद एकदाच करायची हेही त्यांना एकदाचं कळलं.

मग एक दिवस आजींचा फोन आला. शिंप्यानं लावून दिला होता.

"डॉक्टर म्हणतात, रोज चित्रं दाखवा, वस्तू दाखवा, नावं म्हणून घ्या. पण माझ्यासमोर तो तोंडच उघडत नाही गं. शरम वाटते त्याला. तुम्ही लहान मुलांना शिकवता ना?"

"शिकवत नाही, आजी. पुस्तकं देते."

"तेच ते. बघता का जरा बोलून?"

काकूंनी हो म्हटलं. नंतर वाटलं, कशाला हो म्हटलं. ज्या माणसानं सगळ्यांदेखत झिडकारलं, त्याला आता आपण बोलायला शिकवायचं?

पहिल्या दिवशी सरांनी कॅमेरा छताकडे करून ठेवला. दुसऱ्या दिवशीही. काकूंनी चित्रांची पुस्तकं काढलीच नाहीत. एका ग्रंथालयवाल्या माणसापुढे चेंडू आणि मांजर धरायला त्यांचं मन होईना. त्यांनी आपल्या टेबलावरचंच सामान उचललं. शिक्का, शाईची डबी, कात्री, पट्टी. एकेक वस्तू कॅमेऱ्यापुढे धरायची आणि गप्प बसायचं. शब्द आपल्या जिभेवर नाचत असताना तो दुसऱ्याला न देता बसणं किती कठीण असतं, हे काकूंना तेव्हा कळलं. कित्येकदा त्यांनी ओठ दातांखाली धरले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी छत हललं आणि सरांचा चेहरा दिसला. दाढी वाढलेली, एक बाजू अजून जराशी सैल. काकूंनी बारकोड वाचायचं यंत्र धरलं. सर बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. कपाळाची शीर फुगली.

"बं... बंदूक," ते म्हणाले. चुकलं हे त्यांना लगेच कळलं. डाव्या मुठीनं त्यांनी टेबलावर दणका घातला आणि कॅमेऱ्यासमोरून उठून गेले.

काकू ते यंत्र हातात धरून बसून राहिल्या. आता काय, फोन बंद करावा? तेवढ्यात आजी समोर येऊन बसल्या. हेडफोन त्यांनी आता नीट दोन्ही कानांवर घातला होता.

"रागावू नका हं."

"रागावले नाही, आजी. बंदुकीसारखंच दिसतं ते. आम्हीही तसंच म्हणतो."

"येईल तो परत. पाणी पिऊन येतो. कालही असंच केलं." आजींनी मागे वळून दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एक सांगू का? आज सकाळी त्यानं मला हाक मारली. आई म्हणायला गेला, ते काही जमेना. खूप खटपट केली बिचाऱ्यानं. आणि एकदम माझं नावच घेतलं. नुसतं नाव. लाजला केवढा!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी कुठली काय म्हणते. माझं नाव घेणारं माणूस जाऊन किती वर्षं झाली. सगळ्यांची आई नाहीतर आजीच झालेय." आजी हसल्या, पदरानं डोळे टिपले. "मी आपलं म्हटलं, ओ, आले."

मागे दार वाजलं. सर परत येत होते, भिंतीला डावा हात लावत, एकेक पाऊल टाकत. आजी उठल्या आणि खुर्ची त्यांच्यासाठी सरळ केली. काकूंनी यंत्र बाजूला ठेवलं आणि कात्री उचलली.